मिशीतला उजेड

धुराचं सूत निघताना जो पहिल्यांदा बघतो, तो गप्पच होतो. उभी भट्टी असते, आत वायू तापलेला असतो, आणि खालच्या तोंडातून काळा धूर उतरत येतो. पण हा धूर विरत नाही. ढगानं ढगाचा हात धरावा तसा एकमेकाला धरून राहतो, लांब मोज्यासारखा लोंबतो. त्याचं टोक धरून ओढायचं, फवाऱ्यातून न्यायचं, पीळ द्यायचा. आवळत आवळत त्याचा धागा होतो. केसाहून बारीक आणि पोलादाहून चिवट. विमानांना लागतो, विजेच्या तारांना लागतो, कुणाच्या तुटलेल्या नसेलासुद्धा लागतो म्हणे.

इचलकरंजीतले माग एकामागून एक मुके झाले तेव्हा नदीपलीकडच्या वसाहतीत हे सूत आलं. भट्टीला इंजिनियर मिळाले, पण धागा तुटला की त्याचं टोक कुणाला सापडेना. मग बंद मागांवरची माणसं बोलावली. ज्यांच्या बोटांना अंधारातही दोरा कळतो अशी.

रणजित हावळ त्यातला एक. त्याची बायको वर्षाराणी त्याच खात्यात. तिच्या ओळखपत्रावर 'सुरक्षा सहायक' लिहिलेलं होतं, पण खात्यात तिला सगळे 'हवेची हवालदारीण' म्हणायचे. काचपेट्यांमधली हवा आत ओढली जाते की नाही ते बघायचं, हातमोजे फाटलेत का ते बघायचं. कुणी झाडू आणला तर हिसकावून घ्यायचा आणि ओलं फडकं द्यायचं, कारण इथली धूळ उडवायची नसते, टिपायची असते. धागा काचेच्या आत, माणसं काचेच्या बाहेर, मध्ये रबरी हातमोजे. असं सगळं नीट होतं. निदान वर्षाराणीला तसं वाटत होतं.

त्या दिवशी कोल्हापूरहून डॉक्टर यास्मिन पटवेगार नवा कॅमेरा घेऊन आल्या. कामगारांच्या तब्येतीचं काम त्यांच्याकडे होतं. कॅमेरा टिफिनच्या डब्याएवढा, पुढे एक दिवा, मागे पडदा.

"हा आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड बघतो," त्या वर्षाराणीला म्हणाल्या. "तांबड्याच्या पलीकडचा. आपला धागा म्हणजे कार्बनच्या बारीक बारीक नळ्या. लाखो नळ्या एकमेकींना बिलगून बसलेल्या. बिलगलेल्या असतात तोवर अंधाऱ्या, एकीचा उजेड दुसरी गिळते. पण एखादी सुटली, तिला तेल किंवा लाळ असं काही गुंडाळलं गेलं आणि ती एकटी पडली, की या दिव्याखाली उजळते. म्हणजे आपल्याला जिची भीती, नेमकी तीच दिसते."

वर्षाराणीनं कॅमेरा घेतला. एकेक काचपेटी बघत गेली. सांधे, झडपा, हातमोज्यांची कडी. पडदा काळा. फरशी, काळी. खिडक्यांच्या फटी, काळ्या. तिला मनातून बरं वाटलं. आपण राखलेल्या शेतात एकही जनावर शिरलं नाही असं.

पाळी सुटायची वेळ झाली. माणसं मास्क उतरवून धुण्याच्या खोलीकडे निघाली.

"काय वर्षावहिनी, फोटो काढायचं काम निघालंय व्हय?" सर्जेराव केटकाळे पुढं आला. रणजितचा जोडीदार, पंज्याएवढ्या मिशांचा. "आमचा बी काढा की एक. पोराच्या बारशाला काढायचा राहिला होता."

"हात दाखवा आधी."

पडद्यावर हात काळे. तिनं हसत कॅमेरा वर केला, आणि पडद्यावर हिरवं उमटलं.

सर्जेरावचे ओठ हिरवे होते. आणि मिशी. तिचा केस न् केस वेगळा दिसत होता, गवतावर दव पडून उन्हं यावीत तसा.

"आयला सर्जा, वैनीची लिपस्टिक लावून आलास काय रं?" मागून कुणीतरी ओरडलं. खात्यात हशा पिकला. मग सगळ्यांनाच पडद्यावर यायचं होतं. एकेक येत होता, ओठांचा चंबू करत होता, मिशीला पीळ देत होता. कुणी हिरवा, कुणी काळा. रणजित आला. त्याची मिशी सगळ्यांत दाट, ओठांच्या कडांवरून गालावर उतरलेली, रोज खोबरेल लावून चापलेली. पडद्यावर ती पेटलेल्या काकड्यासारखी दिसली.

"बघा, माझीच एक नंबर!" रणजित म्हणाला.

भोंगा झाला. हसत हसत माणसं न्हायला गेली, कपडे बदलून घरोघर पांगली. वर्षाराणी मात्र कॅमेरा धरून तिथंच उभी होती.

"कोण कोण उजळलं?" यास्मिन मॅडमनी हळूच विचारलं. त्या हसल्या नव्हत्या.

वर्षाराणीनं नावं आठवली. रणजित, सर्जेराव, बापूसाहेब, कोपऱ्यावरचा मोमीन. काळी राहिली ती पॉलिटेक्निकातून आलेली पोरं. 

"मागावरची माणसं आहेत ही. सगळी मागावरची."

"म्हणजे?"

"धोटा माहीत आहे का तुम्हाला, मॅडम? मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं पळतो तो. त्याला बारीक डोळा असतो. दोऱ्याची कांडी बदलली की दोरा त्या डोळ्यातून काढायचा, तर तोंड लावून ओढून घ्यायचा. एका श्वासात येतो. आणि दोरा तुटला की टोक जिभेवर ओलं करायचं, दोन बोटांत पीळ द्यायचा. माझे सासरे असंच करायचे. ह्यांनी लहानपणापासनं तेच केलंय." ती थांबली. "रबरी मोज्यातून टोक कळत नाही असं म्हणायचे हे. मी म्हटलं, शिकाल हळूहळू. काचपेटीची झडप वर, मास्क हनुवटीवर, टोक जिभेवर, परत आत. माझ्यासमोर करत असतील, मॅडम. आणि मला ते दिसलंच नाही. घरात रोज बघितलेलं. त्यात काय बघायचं?"

यास्मिन मॅडम खुर्चीत बसल्या. तिलाही बसवलं.

"नीट ऐक. फुफ्फुसात आपल्या राखणदार पेशी असतात. धूळ आली की तिला गिळतात, घेऊन बाहेर जातात. आखूड, गुंडाळलेली नळी आली तर गिळतात तिलाही. पण लांब, ताठ नळी आली तर? पेशी तिला गिळायला जाते, नळी तिच्याहून लांब. अर्धी आत, अर्धी बाहेर. पेशी झटत राहते आणि शेवटी फुटते. मग दुसरी येते. ती जागा जळत राहते, वर्षानुवर्षं. वरून काही कळत नाही, खोकलासुद्धा नसतो. वीस वर्षांनी कळतं, किंवा कधीच कळत नाही."

"पण हे तर तोंडात गेलं. पोटात."

"पोटातलं बरंचसं निघून जातं. मला भीती मिशीची आहे. मिशीमुळे मास्क कातडीला टेकत नाही, केसांवर बसतो, बाजूनं हवा शिरते. आणि त्यावर ते तेल. या नळ्या पाण्याला दाद देत नाहीत, तेलाला मात्र चिकटतात. न्हाऊन गेले तरी मिशी तशीच घरी जाते. तिथं वाळते, आणि रात्रभर तिच्याखालूनच श्वास." त्या एकाएकी थांबल्या. "तुझ्या घरी लहान कोण आहे?"

वर्षाराणीच्या डोळ्यांपुढे चैतू आली होती. रांगणारी, नुकते दोन दात आलेली चैतू. बापाची मिशी दोन्ही मुठींत धरल्याशिवाय जी झोपत नाही. आणि धरली की तीच मूठ तोंडात घालते.

"मॅडम, ते घरी पोचले असतील आतापर्यंत."

"कॅमेरा घेऊन जा. आधी तुझं घर बघ. मी आत जाऊन खातं बंद करायला लावते. बाकीच्यांना उद्या गेटवर सांगू. नुसतं सांगून कुणी ऐकणार नाही, हसतील पुन्हा. काहीतरी हातात हवं." त्यांनी तिचं मनगट धरलं. "आणि हे बघ. मोठ्या माणसाच्या छातीतून हा उजेड बाहेर येत नाही, मांस जाड असतं. तान्ह्याची छाती पातळ. आत असलं तर कदाचित दिसेल. दिसलं नाही, तर नाहीच असं समजू नकोस. बघायचं की नाही ते तू ठरव."

रणजित फोन उचलत नव्हता. पुलावरून गाडी नेताना तिला वाऱ्याची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच. वारा तोंडावर येत होता आणि तिनं ओठ गच्च मिटले होते.

हावळांचं घर म्हणजे पुढे दोन खोल्या, मागे मागांची लांब पत्र्याची शेड. माग विकले गेले, एकच उरला होता, त्याच्यावर कपडे वाळायचे. ती आली तेव्हा पत्र्याखाली चैतूचं हसणं ऐकू येत होतं. रणजित उताणा झोपला होता, पोर त्याच्या छातीवर, दोन्ही मुठी मिशीत. आप्पा, तिचे सासरे, खुर्चीत बसून धापा टाकत हसत होते.

वर्षाराणीनं चप्पलही काढली नाही. धावत जाऊन पोर उचललं. मुठी सुटेनात. चैतू किंचाळली.

"अगं, हळू! काय वेड लागलं काय तुला?"

"लांब व्हा. हिच्यापासनं लांब व्हा आधी."

"तोंड धुतलंय की मी! साबणानं!"

तिनं पोर आप्पांच्या मांडीवर दिलं आणि दिवा लावला. पडदा रणजितपुढं धरला. मग सगळीकडे फिरवला. उशीवर हिरवं. तांब्याच्या काठावर हिरवं. शहाबादी फरशीवर छोट्या तळव्यांचे ठसे, मागापासून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यापासून आप्पांच्या खुर्चीपर्यंत. कुणीतरी हिरवी रांगोळी घालत गेल्यासारखे. मग चैतू. तिच्या मुठी. तिची हनुवटी. आणि गालावर एक अर्धगोल, ओठांच्या आकाराचा, वर मिशीच्या रेघांसकट.

रणजितनं तो मुका ओळखला. त्याचा हात नकळत मिशीकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"हे काय आहे, सूनबाई?" आप्पांनी विचारलं.

तिनं सांगितलं. जसं जमलं तसं, तुटक. राखणदार पेशी, लांब नळी, वीस वर्षं. आप्पा ऐकत होते. त्यांनी मागावर जन्मभर कापूस श्वासात घेतलेला. चार पावलं चालले की छातीत शिट्टी वाजायची. श्वास म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"मिशी काढावी लागेल," ती म्हणाली. "आत्ताच."

रणजित उठून उभा राहिला. "ते सोडून बोल."

"अहो."

"आप्पा समोर बसल्यात माझ्या. बाप जिवंत असताना मिशी काढू मी? गल्लीत काय म्हणतील? हावळाच्या घरात काय झालं म्हणून माणसं यायला लागतील दारात. दुसरं काय बी सांग. हिला हात लावत न्हाई मी. तोंडाला फडकं बांधून ऱ्हातो. दाराबाहेर झोपतो."

"आणि श्वास कुठं घेणार? तो बी दाराबाहेर?"

"वर्षा, हात जोडतो. आप्पांच्या जिवाला काय झालं तर..." तो थांबला. घाबरलेला होता. पडद्यानं घाबरवलं होतं त्याहून जास्त.

आप्पांनी पोर तिच्याकडं दिलं. खुर्चीच्या दांडीवर भार देत उठले.

"माझं आयुष्य काय तुझ्या मिशीला बांधून ठेवलंय व्हय रं?" ते म्हणाले. शिट्टी वाजली, ती थांबेपर्यंत थांबले. "साबण आण. वस्तरा माझाच घे. बस इथं खाली."

"आप्पा, असं नका करू."

"मी मेल्यावर न्हाव्यानं काढायची ती मी काढतो. माझ्या हातानं. मग मला कोण मारतंय बघू. बस म्हणतो न्हवं!"

वर्षाराणीनं फडकी ओली केली. "कोरडं नको, आप्पा. फेस भरपूर करा. उडायला नको."

रणजित मांडी घालून बसला. आप्पांनी एका हातानं त्याची हनुवटी धरली आणि वस्तरा गालाला टेकवला. ओल्या फडक्यात केस पडत गेले. मिशी गेली, तिच्याखाली एक गोरा, कोवळा, अनोळखी ओठ निघाला. रणजितचे डोळे मिटलेले होते. तो लहान मुलासारखा रडत होता, पण तोंड हलवत नव्हता, बापाच्या हाताला धक्का लागू नये म्हणून. फडकं पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. वर्षाराणीनं गाठ मारली. पडदा धरला. ओठावर तुरळक हिरवं होतं. पुन्हा साबण, पुन्हा फडकं. मग काळा.

मग चैतूचं न्हाणं. मोरीत पाटावर बसून पाय लांब करून वर्षाराणीनं पोर पायांवर घेतलं. ऊन पाणी, साबण, मऊ फडकं. मुठी उघडून एकेक बोट पुसलं. गाल, हनुवटी, कानामागं, केसांत. पोर पाण्यात खूष. हात आपटत होतं. आणि वर्षाराणीच्या तोंडात सवयीनं तिच्या आईची ओवी आली,

न्हाऊ गं घालीते, पाणी इसणाचं ऊन ऊन
चैत्राची गं पालवी, वाऱ्या, जाऊ नको शिवून

'वाऱ्या'पाशी तिचा आवाज अडला. रोज म्हणत होती ती हे. आजवर त्यात भ्यायचं काही नव्हतं.

बाहेर आणून तिनं पोर पंच्यात गुंडाळलं. पडदा मुठींवर धरला, काळा. गालावर, काळा. मुका गेला होता. रणजितनं मोठा श्वास सोडला. चैतूनं त्याच्याकडं बघितलं, हात पुढं केले, आणि तोंड जवळ येताच थबकली. ओठावर बोट फिरवून तिनं मिशी शोधली. सापडेना. मग खालचा ओठ काढून, हळूहळू, ती रडायला लागली. आप्पा हसले. रणजितही रडता रडता हसला.

"सवय होईल तिला," तो म्हणाला. "गेलं न्हवं सगळं? ठेव तो डबा आता."

"छाती राहिली."

"कशाला?"

"मॅडम म्हणाल्या, तान्ह्याची दिसते. आतलं."

त्यानं पंच्याचं टोक धरलं. "नको बघूस."

तिलाही नकोच होतं. न बघितलेली छाती किती चांगली. त्यात दूध होतं, झोप होती, पुढची सगळी वर्षं होती. पण उद्यापासून प्रत्येक वेळी पोर शिंकलं की ती दचकणार, ठसका लागला की उठून बसणार. न बघता मोठं करायचं कसं हिला?

तिनं पंचा बाजूला केला. दिवा छातीजवळ नेला.

पडदा काळा होता. डावीकडं काळा. मधे काळा. ती उजवीकडं गेली, आणि स्तनाग्राच्या जरा खाली एक ठिपका दिसला. मोहरीच्या दाण्याच्या टोकाएवढा. फिका, धुक्याआडून दिसावा तसा.

"राहिलंय पुसायचं," रणजित घाईनं म्हणाला. त्यानं स्वतःच ओलं फडकं घेतलं आणि हळूच पुसलं.

ठिपका तिथंच होता.

तिनं साबण घेतला. पुसलं. पुन्हा पुसलं. कातडी गुलाबी झाली, पोर कुरकुरलं. ठिपका तिथंच होता. आणि मग तिच्या लक्षात आलं की तो हलतोय. चैतूनं श्वास घेतला की वर सरकायचा, सोडला की खाली यायचा. पुन्हा वर. पुन्हा खाली.

 आप्पांच्या छातीतली शिट्टी तेवढी वाजत होती.

वर्षाराणीनं पंचा ओढून घेतला, पोर उराशी धरलं. "एवढुसा आहे," ती म्हणाली. कुणाला ते तिलाही कळलं नाही. "मॅडम सांगतील काय करायचं ते. एवढुसाच आहे."

रणजितनं आपल्या उघड्या ओठावर हात ठेवला. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखा उठला आणि खुंटीवरच्या शर्टातून फोन काढला. बोटं ओली होती, दोनदा चुकली.

"सर्जा? सर्जा, ऐक. पोराला जवळ घेऊ नको. न्हाई, चेष्टा न्हाई, आईशप्पथ. मिशी... अरे ऐक की! घेतलंयस? मांडीवर हाय? खाली ठेव. खाली ठेव त्याला आधी!"

फोनमधून बारीक, खळाळतं हसू येत होतं. थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं.

"गुदगुल्या होत्यात बेट्याला मिशीच्या," सर्जेराव हसत म्हणाला. "थांब, तुला ऐकवतो."